आज घरी अश्विनी आहे

आयुष्यात मी एकदाच संपूर्ण खरं बोललो आहे, आणि त्या वेळी मला कोणी काहीही विचारलेलं नव्हतं.

लग्नाला पाच महिने झाले होते. पनवेलला भाड्याच्या दोन खोल्यांत आमचा संसार आणि तिथून चार मिनिटांवर सासुरवाडी. (चार मिनिटं ही माझी चाल. सासूबाई तीन मिनिटांत पोचत.) मी कळंबोलीला लोखंड बाजारातल्या एका गोदामाच्या ऑफिसात होतो. दिवसभर ट्रक आले, ट्रक गेले याच्या पावत्या फाडायच्या आणि संध्याकाळी घरी येऊन पोस्टाची तिकिटं बघत बसायचं, असा माझा दिनक्रम. तिकिटांचा नाद शाळेत आमच्या अख्ख्या वर्गाला होता. त्या काळी हंगेरीच्या तिकोनी ‘मग्यार पोस्टा’साठी मुलं एकमेकांना डब्यातली पोळी द्यायची. दहावीपर्यंत सगळ्यांचा नाद सुटला, माझा तेवढा राहिला. आई म्हणायची, याला वेळेवर पट्टी बसली असती तर हाही सुटला असता.

पण याच नादापायी माझं नंदाशी लग्न झालं. माझे सासरे, आप्पा, रिटायर्ड पोस्टमास्तर आणि माझ्याहून मोठे तिकिटवेडे. मुलगी बघायला गेलो तेव्हा त्यांनी माझा पगार विचारला नाही. चष्मा वर करून विचारलं, “तिकीट डिंकानं चिकटवता की हिंज लावता?” हिंज म्हणजे तिकिटाला मागून लावायचा कागदाचा इवलासा बिजागर. मी म्हटलं, हिंज. आप्पा आत वळून म्हणाले, “पोहे आणा.” झालं, जमलं.

साखरपुड्याला त्यांनी मला दोन वस्तू दिल्या. एक मनगटी घड्याळ आणि दुसरं स्वतःच्या संग्रहातलं कोरं, शिक्का न बसलेलं, मोराचं एक रुपयाचं तिकीट. घड्याळ त्यांनी सहज दिलं. मोर देताना डोळ्यांत पाणी आलं होतं. नंदाला निरोप देतानाही मग एवढं आलं नाही, असं माझा मेहुणा अजून सांगतो.

आता खरं काय ते सांगून टाकतो. माझ्या अल्बममध्ये एक वस्तू पोस्टानं छापलेली नव्हती. हंगेरीच्या पानामागे, जाड पुठ्ठ्याच्या खाचेत, एका मुलीचा फोटो होता. नंदाच्या आधी मी उरणला एक स्थळ बघून आलो होतो. मुलीचं नाव अश्विनी. मला ती फार म्हणजे फारच आवडली होती. आठ दिवसांनी मध्यस्थांनी निरोप आणला, मुलीला तिकिटं जमवणारा नवरा नको. फोटो परत द्यायचा होता. मी मध्यस्थांना ठोकून दिलं की तो पावसात भिजून खराब झाला. का ठेवला, मला विचारू नका. फेकवेना, एवढंच. आणि लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात नंदानं साधं विचारलं, “माझ्याआधी किती मुली बघितल्यात हो?” मी छातीवर हात ठेवून सांगितलं, तू पहिलीच. ती इतकी छान लाजली की मलाही ते खरं वाटायला लागलं.

ऑक्टोबरात कोजागिरी आली. सकाळपासून उकाड्यानं जीव नकोसा केला होता आणि दुपारी तीनला परतीचा पाऊस उठला. गोदामाचे पत्रे वाजायला लागले, वीज गेली, आणि त्या गोंधळात ऑफिसचा फोन वाजला. सासूबाई. शेजारच्यांच्या फोनवरून. तारेत खरखर इतकी की मधले शब्द सगळे पावसात वाहून जात होते.

“सुधीरराव, आज घरी अश्विनी आहे हं!”

मी विचारलं, कोण आहे?

“अश्विनी, अश्विनी! नंदाला मी दुपारीच बोलावून घेतलंय. आप्पांनी तुमचा अल्बम मागवलाय. सहाला या, उशीर नको.” बाहेर वीज कडाडली आणि फोन मेला.

मी रिसीव्हर हातात धरून उभा राहिलो. अश्विनी, आप्पा आणि अल्बम, तिन्ही एकाच घरात! आता हे तुम्हाला सांगायला हवं की आमच्या घरी कोजागिरीला दूध आटवायचं, प्यायचं आणि झोपायचं, यापलीकडे काही पद्धत नव्हती. त्यामुळे माझ्या डोक्यात अश्विनी एकच होती आणि ती उरणची होती. साहेबांना म्हटलं, पोटात कळ आलीय. ते खोटंही नव्हतं. पनवेलला निघालेल्या एका ट्रकच्या केबिनमध्ये चढलो आणि सगळा रस्ता एकच हिशेब करत बसलो, की आधी घरी जायचं, फोटो काढायचा, आणि मग काय व्हायचं ते होऊ दे.

घराला कुलूप. ओसरीवर आमच्या मालकीणबाई, म्हात्रे मावशी, तांदूळ निवडत होत्या. माझ्या अंगातून पाणी गळतंय हे पाहून म्हणाल्या, “आत कोन नाय. नंदाताय कवाच गेली. तुमची तिकिटांची वही पन घेऊन गेली. आज काय हाय तिकडं?” काय आहे ते मला नीटसं माहीत असतं तर आणखी काय हवं होतं! मी तसाच उलटा फिरलो. त्या दिवशी सासुरवाडी मी दोन मिनिटांत गाठली.

तिथे दिवे गेलेलेच होते. पुढच्या खोलीत आप्पा रॉकेलच्या कंदिलाशी बसून भिंगातून माझा अल्बम बघत होते. एकेक पान ते इतक्या सावकाश उलटत की मला वाटलं, माणूस मुद्दाम छळतोय. नुकतं कुठे भूतान चाललं होतं. त्यापुढे श्रीलंका, मग पोलंड, मग हंगेरी. मी म्हटलं, आप्पा, दमट हवा आहे, कागद खराब होईल, उद्या बघू. ते मान वर न करता म्हणाले की आम्ही पोस्टात तीस पावसाळे काढलेत, कागदाचं आम्हाला शिकवू नका. आणि श्रीलंका उघडली.

स्वयंपाकघरातून वेलदोड्याचा वास आणि सासूबाईंचा आवाज येत होता. त्या मेहुण्याला सांगत होत्या, “दूध मग. आधी अश्विनी आटपू दे. दरवर्षी असतेच, पण यंदा जावई आहेत म्हणून तिची जरा नीट तयारी करायची.”

दरवर्षी असते! म्हणजे ही या घरातलीच कोणी होती. मावसबहीण असेल, आतेबहीण असेल. म्हणजे यांना सगळं पहिल्यापासून माहीत होतं, आणि आज माझ्यासमोर तिला आणून बसवणार होते. मी स्वयंपाकघराच्या दारात गेलो. आवाज शक्य तितका साधा ठेवून विचारलं, “अश्विनीला... एकटीलाच बोलावलंय, की मिस्टरही असतील?”

सासूबाई तबक पुसत हसल्या. “अश्विनीला मिस्टर लागत नाहीत हो. पण आलेच आहेत तर बसू देत की!”

म्हणजे नवराही आला होता. अंधारात कुठेतरी बसून माझी वाट बघत होता. आतल्या खोलीत कोणीतरी साडी नेसत असल्याची चाहूल लागली, बांगड्या वाजल्या. पुढच्या खोलीतून आप्पांनी स्वतःशीच “वा, पोलंड!” म्हटलं. मला एवढंच समजत होतं की आता एकच पान उरलंय.

मी मागच्या पडवीत नंदाला शोधलं. ती नवी साडी नेसून, पत्र्याखाली दिव्याच्या वाती नीट करत होती. माझ्याकडे बघून हसली. ते हसू मला साधं वाटलं नाही. मी तिचा हात धरला आणि एका दमात सगळं ओकलो. उरणला गेलो होतो. अश्विनीला बघितलं होतं. आवडली होती. तिनंच मला नाकारलं. फोटो पावसात भिजला नव्हता, हंगेरीच्या मागे आहे. तू पहिली नाहीस, चौथी आहेस. (हा आकडा मी का सांगितला हे मला आजही कळलेलं नाही. कोणी विचारलंच नव्हतं!) आणि आता ती आत बसली आहे तर तिच्या नवऱ्यासमोर माझा तमाशा करू नका, एवढीच विनंती आहे.

पाऊस पत्र्यावर वाजत होता. नंदानं विचारलं, “आत कोण बसलीय?”

“अश्विनी.”

“अहो, अश्विनी बसायची अजून. मी बसणारे.”

मला काहीच कळेना. मग तिनं लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. कोजागिरीला घरातल्या पहिल्या मुलाला किंवा मुलीला आई पाटावर बसवून ओवाळते, नवा कपडा देते. त्याला अश्विनी म्हणतात. नंदा घरातली थोरली, म्हणून तिची अश्विनी. दरवर्षी असते. तिला मिस्टर लागत नाहीत.

जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला त्या क्षणी मनापासून वाटलं. तेवढ्यात ती म्हणाली की फोटो हंगेरीमागे नाहीये. जूनमध्ये ती अल्बमला बुरशी लागू नये म्हणून पानं पुसत होती, तेव्हाच तो तिच्या हातात पडला होता. मागे मुलीचं नाव, पत्ता, जन्मवेळ, सगळं होतं. एका मुलीचा फोटो परक्या घरात राहू नये, म्हणून तिनं तो त्या पत्त्यावर पोस्टानं परत पाठवून दिला.

“मला फोटोचं काही वाटलं नाही,” ती वाती सारखी करत म्हणाली. “तू पहिलीच म्हणालात ना, त्याचं वाईट वाटलं. चार महिने वाट बघतेय, कधी सांगता म्हणून.”

मला खरंच लाज वाटली. मी सॉरी म्हणालो. ती म्हणाली ठीक आहे, पण आधीच्या इतर दोघींचं नंतर सविस्तर सांगा. मी बरं म्हटलं आणि सुटलो असं वाटलं. त्याच वेळी दिवे आले, आणि पुढच्या खोलीतून आप्पांचा कधी न ऐकलेला आवाज आला.

“सुधीरराव! मोर कुठाय?”

आम्ही सगळे धावलो. अल्बममध्ये भारताचं शेवटचं पान उघडं होतं. मधोमध हिंजचा वाळका तुकडा आणि रिकामा चौकोन. आप्पा त्या चौकोनावर बोट ठेवून माझ्याकडे बघत होते. ज्या हिंजवर त्यांनी मला मुलगी दिली होती, त्याच हिंजवर आता काहीच नव्हतं. मी नंदाकडे पाहिलं. नंदानं जमिनीकडे पाहिलं.

“पाकिटाला तिकीट हवं होतं,” ती म्हणाली. “घरात एवढी तिकिटं, म्हटलं विकत कशाला आणायचं. बाकी सगळ्यांवर शिक्के होते. मोरावर नव्हता.”

“कुठे गेलं पाकीट?” आप्पांनी विचारलं.

“उरणला.”

सासूबाईंनी उरणला कोण म्हणून विचारलं. मग सगळ्यांसमोर पहिल्यापासून सगळं पुन्हा सांगावं लागलं, आणि ते नंदानं सांगितलं. मेहुणा पोट धरून खाली बसला. सासूबाई पदर तोंडाला लावून आत गेल्या. आप्पा एकटे गंभीर होते. पोरीच्या नवऱ्यानं परक्या मुलीचा फोटो लपवून ठेवला, याचं त्यांना काय वाटलं ते कधीच कळलं नाही. त्यांनी एवढंच विचारलं, “शिक्का नीट गोल बसला होता का?”

त्या रात्री चंद्र दिसलाच नाही. नंदाची अश्विनी झाली, तिच्या नवऱ्यालाही शेजारी पाट मिळाला. दूध पिता पिता आप्पांनी निकाल दिला. मोराचं शिक्का बसलेलं पाकीट हीसुद्धा संग्रहातली वस्तू असते, आणि ती परत आलीच पाहिजे. पत्र मी लिहायचं.

दुसऱ्या दिवशी मी लिहिलं. मजकूर नंदानं सांगितला. ‘माझ्या पत्नीनं आपला फोटो परत पाठवला होता, तो मिळाला असेलच. त्याचे पाकीट शिल्लक असल्यास कृपया परत पाठवावे.’ हे लिहिताना मला जे काही झालं ते शत्रूलाही होऊ नये.

दिवाळीत मुलीच्या वडिलांचं कार्ड आलं. आप्पांनी ते मोठ्यानं वाचून दाखवलं. फोटो पोचला, आपण आठवणीनं पाठवलात याबद्दल आभारी आहोत. पाकीट मात्र परत करता येत नाही, क्षमा असावी. चि. सौ. अश्विनी गणपतीला माहेरी आली होती, तेव्हा आमच्या जावयांनी ते पाहिलं आणि लगेच मागून घेतलं. त्यांना लहानपणापासून पोस्टाची तिकिटं जमवण्याचा नाद आहे.

म्हणजे तिची अडचण तिकिटांची नव्हतीच.