लाइट गेली नव्हती

परवा सांगलीत जुन्या व्हिडिओ गेमचं प्रदर्शन भरलं होतं. नुसतं बघायचं नाही, हात लावून खेळायचं. आई-वडील साताऱ्याहून माझ्याकडे आले होते, म्हणून त्यांनाही घेऊन गेले. वडील गुडघ्यांची सबब सांगून दारातल्या बाकावर बसले. आई आणि मी आत गेलो आणि तिसऱ्याच टेबलावर मला घाम फुटला. तिथं आमचं यंत्र होतं. टीव्हीला जोडायचं, पांढरट, लाल बटणांचं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी आठवीत होते. लष्करातल्या वडिलांनी एका सुट्टीत हा गेम आणला आणि मी बघता बघता गल्लीची चॅम्पियन झाले. वरून विटा पडायच्या, त्या फिरवून खाली नीट बसवायच्या, ओळ भरली की ती नाहीशी. भाकरी झाल्या की आई पदराला हात पुसत मागं येऊन उभी राहायची.

"आगं, आडवी घाल की ती. फट ठिवलीस बघ."

"मग तूच खेळ!" म्हणून मी एकदा वैतागून रिमोट तिच्या हातात दिला. तिथंच चुकलं माझं.

आईचं माहेर पाटणकडचं. लग्नाआधी तिनं शेणी, म्हणजे गोवऱ्या, एकावर एक रचून हुडवेच्या हुडवे उभे केलेले. फट राहिली की पाणी शिरतं, हे तिच्या बोटांना माहीत. आठवड्यात ती माझ्या बरोबरीला आली. भरलेली ओळ गायब झाली की मात्र हळहळायची, "एवढं रचलं, गेलं की गं कुठं!"

आणि वडील पुढच्या सुट्टीवर येणार त्याच दिवशी दुपारी तिनं माझा रेकॉर्ड मोडला. एक्केचाळीस हजार तीनशे वीस. यंत्र बंद केलं की आकडा पुसला जायचा, म्हणून तिनं ते तसंच चालू ठेवलं. गल्लीतल्या बायका आकडा बघून गेल्या. "कुणी हात लावू नका. हे आलं की दाखवायचं हाय," असं बजावून आई गिरणीत दळण आणायला गेली. आयुष्यात पहिल्यांदा तिला नवऱ्याला दाखवायला स्वतःचं काहीतरी होतं. हे मला तेव्हाही कळत होतं. तरी मी उठले आणि स्विच बंद केला.

आई आली. पापण्यांवर पीठ, डोक्यावर डबा.

"लाइट गेली होती," मी म्हटलं.

"गिरणी तर चालू होती की."

"आपल्याच गल्लीची गेलेली."

तिनं डबा खाली ठेवला. लेकीचा शब्द, संपला विषय.

संध्याकाळी वडील हसले. "लाइट बरी नेमकी तवाच गेली! पुराव्याबिगर मेडल मिळत न्हाई आमच्यात." मग ते घरातलं पेटंटच झालं. आईनं कसलीही फुशारकी मारली, की "व्हय व्हय, त्या एक्केचाळीस हजारावानी!" आईही हसायची. पण रिमोट तिनं परत हातात घेतला नाही, आणि इतकी वर्षं मी त्या हसण्यात सामील होत राहिले.

प्रदर्शनात ती त्या यंत्राकडे बघत म्हणाली, "आता मला कुठं जमतंय!"

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आई, तेव्हा लाइट गेली नव्हती. मी बंद केलं."

मला वाटलं, ती रडेल. तिनं पर्स माझ्या हातात कोंबली आणि तरातरा दाराकडे गेली.

"आवं, उठा. लाइट गेली न्हवती. हिनं बंद केलतं."

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. सगळा हॉल आमच्याकडे बघतोय असं वाटत होतं.

"किती होते गं?" त्यांनी आईला विचारलं. या वेळी हसले नाहीत.

"एक्केचाळीस हजार तीनशे वीस." श्वासही न घेता.

वडील गुडघ्यावर हात रेटत उठले. "चल. दाखव."

आई स्टुलावर बसली. मागं कॉलेजची पोरं रांगेत ताटकळत होती. पहिली वीट पडली, उभीच बसली. बटण कुठलं ते सांगायला मी पुढं वाकले, तर पडद्यावरची नजर न हलवता ती म्हणाली,

"तू लांब हो. त्या स्विचपासनं लांब."