मंदाबाईंचा पाय घसरला नव्हता

मंदाबाई गेल्याचं मला कॉलनीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरून कळलं. सेक्रेटरींचा मेसेज होता : ‘आपल्या सर्वांच्या लाडक्या मंदाबाई यांचे पाय घसरून पडल्याने दुःखद निधन.’ खाली जोडलेल्या हातांची रांग. मी तो तीनदा वाचला आणि रडू येण्याआधी संताप आला. पाय घसरून? साठी उलटलेल्या आम्हा बायकांना पाऊल कसं टाकायचं हे ज्यांनी शिकवलं, त्यांचा पाय घसरला? आज सहा आठवडे झाले, संताप उतरलेला नाही.

राहात्याच्या शाळेत मी मराठी शिकवायचे, त्या पीटी. मूळच्या पाथर्डीकडच्या. आईवडील ऊसतोडीला जायचे, आणि आपली घरची बोली त्यांनी साहेबांसमोरही कधी बदलली नाही. निवृत्तीनंतर कॉलनीच्या हॉलमागे पिकलबॉलचं कोर्ट झालं, तेव्हा त्यांनी आम्हाला घरातून ओढून काढलं. मी, पोस्टातून निवृत्त झालेल्या नलिनीताई आणि पेरूची बाग सांभाळणारी उषा. छोटी बॅट, भोकांचा प्लास्टिकचा चेंडू, बुटकी जाळी. पुरुष मंडळी तो चेंडू नुसती बडवायची. बाईंनी आम्हाला हळू खेळ शिकवला. जाळीपुढच्या पट्टीला या खेळात ‘किचन’ म्हणतात. तिच्यात उभं राहून चेंडू हवेतल्या हवेत मारता येत नाही. ‘जन्मभर वट्याशी उभ्या राहिलात ना? इथंबी तसंच. रेघंला चिकटून राहा, पन आत पाय न्हाई.’ जाळीवरून अलगद टाकायच्या फटक्याचं नाव ‘डिंक’. ते ऐकून बाई खूश झाल्या होत्या. ‘मग लाडू वळल्यागत मारा की. लई दाबला की फुटला!’

पण त्यांचं खरं लक्ष आमच्या हातांकडे नसायचंच, पायांकडे असायचं. मी एका जागी उभी राहून चेंडूकडे हात लांबवायचे. ‘बाई, हात नका लांबवू. पाय न्या तिथवर.’ छोटी, आडवी पावलं. एका पायावरून दुसरा टाकायचा नाही. गुडघे सैल, वजन चवड्यांवर. समोरची मारते त्या क्षणी आपले दोन्ही पाय थांबलेले पाहिजेत. चेंडू डोक्यावरून गेला तर उलटं मागं जायचं नाही, वळून जायचं. आणि जोडीदारीण सरकली की आपणही तेवढंच सरकायचं. ‘दोघींच्या हातात एका साडीची टोकं हायेत समजा. ढिली पडायची न्हाई, फाटायची बी न्हाई.’ चार महिन्यांत मी जिना चढताना कठडा धरायचा सोडला.

कोर्टाला एकच दुखणं होतं. हॉलवरची पाण्याची टाकी रोज सकाळी भरून वाहायची, पाणी भिंतीवरून उतरून जाळीच्या खांबाशी डाव्या कोपऱ्यात साचायचं. तिथं शेवाळ धरलं होतं. बायकांची वेळ सकाळी सहाची. पुरुषांची संध्याकाळची, तोवर उन्हानं सगळं वाळलेलं. मग त्यांना ते दिसणार कसं? बाईंनी तीन अर्ज दिले. ‘कॉलनीची स्पर्धा होऊन जाऊ द्या बाई, मग बघू,’ सेक्रेटरी म्हणाले. स्पर्धेला कमान उभी राहिली, पाहुण्यांना हार पडले, कोपरा हिरवाच राहिला. बाई रोज आधी येऊन खराट्यानं घासायच्या, वर पोतं फिरवायच्या. एकदा मात्र भडकल्या. ‘उद्यापास्नं कुलूप लावते कोर्टाला. दुरुस्त करा, मंग खेळा.’ आणि मी... मी म्हणाले, ‘जाऊ द्या ना बाई. सकाळची वेळ दिलीय हेच खूप.’ त्यांनी माझं ऐकलं. कुलूप लावलं नाही.

त्या दिवशी आमचा खेळ चालू असतानाच टाकी वाहायला लागली. नलिनीताईंनी तिरका, अलगद चेंडू डाव्या कोपऱ्यात टाकला. बाईंनी हात लांबवला नाही. खाली वाकून दोन आडवी पावलं टाकली, अगदी शिकवल्यासारखी. त्यांच्या जोडीला मी होते, सवयीनं मीही तेवढीच सरकले. त्यांचं दुसरं पाऊल ओल्या शेवाळावर पडलं. डोकं लोखंडी खांबावर आदळलं. नगरच्या दवाखान्यात आठ दिवस होत्या, पण शुद्धीवर आल्याच नाहीत.

शोकसभेत सेक्रेटरी म्हणाले, ‘वयाच्या मानानं त्यांनी जरा जास्तच दगदग केली.’ आणि बाईंच्या नावानं चषक जाहीर केला. मी उठले. सेक्रेटरींकडे बघत म्हणाले, ‘त्यांचं पाऊल बरोबर पडलं होतं. जमीन खराब होती, आणि ते तुम्हाला माहीत होतं. मलाही माहीत होतं. मीच त्यांना गप्प बसवलं. चषक नको, टाकी दुरुस्त करा.’ मागून कोणीतरी म्हणालं, ‘ही काय वेळ आहे का?’ मग कोणती वेळ होती?... तीन अर्ज दिले तेव्हाची?

दुसऱ्या दिवशी प्लंबर आला. टाकी भरली की पाणी बंद करणारा फ्लोट बदलला, कोपरा घासून घेतला. दुपारच्या जेवणाआधी सगळं आटोपलं. अर्ध्या दिवसाचं काम होतं ते. अर्ध्या दिवसाचं!

आता संध्याकाळची सहाची वेळ आमची आहे. मागितली नाही, जाऊन उभ्या राहिलो. चौथी म्हणून उषाची सून येते. बाईंची एक सवय होती, पहिली दहा मिनिटं चेंडू पिशवीतून बाहेर काढायचाच नाही. रेघेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसते पाय. आम्ही तसंच करतो. परवा सेक्रेटरी बॅट घेऊन कडेला येऊन उभे राहिले. थोडा वेळ बघून म्हणाले, ‘चेंडूसुद्धा काढला नाही अजून. किती वेळ चालणार हे?’

‘लागंल तेवढा,’ उषा म्हणाली, आणि गुडघे वाकवून तिनं डावं पाऊल टाकलं.