प्लास्टरमधली चार मिनिटं

एकतीस वर्षं हॉस्पिटलात लोकांचे मोडलेले हातपाय प्लास्टरमध्ये गुंडाळून मामा निवृत्त झाले. अशा वयात लोक बागकाम करतात, नाहीतर इतरांच्या तब्येती विचारत फिरतात. मामा प्लास्टरचे हात ओतायला लागले. पांढरी पावडर, पाणी, आणि धीर धरणारा माणूस एवढंच भांडवल.

शनिवारी सकाळी त्यांनी अक्काला स्वयंपाकघरात बसवलं. आईच्या मागे या थोरल्या बहिणीनेच त्यांना वाढवलं होतं. सहा वर्षांपासून तिचा उजवा हात थरथरायचा आणि त्यासाठी सोमवारी मेंदूचं ऑपरेशन ठरलं होतं. ‘काळजीचं काही नाही’ हे डॉक्टरांनी इतक्या वेळा सांगितलं होतं की मामांची झोप उडाली होती. ऑपरेशनआधी त्यांना हा हात प्लास्टरमध्ये हवा होता.

“एकदाच हं,” अक्का म्हणाली. “परत बोलावलंस तर बादली तुझ्याच डोक्यावर ओतीन.”

बादलीत प्लास्टर कालवताना गार पाणी तिला सोसणार नाही म्हणून मामांनी कोमट घेतलं आणि सवयीने चिमूटभर मीठही टाकलं. हॉस्पिटलात दोन्ही लागतं, प्लास्टर लवकर धरतं. इथे मात्र ते जरा आळलं की घट्ट धरायच्या आत हात बाहेर काढायचा होता. हे त्यांना आठवलं तेव्हा अक्काचा हात मनगटापर्यंत आत होता.

“अक्का, हलू नकोस.”

“मी कुठे हलतेय? हात हलतोय. आणि हे गरम होतंय रे!”

गरम होणं म्हणजे प्लास्टर धरलं. चारच मिनिटं झाली होती. मामांनी कपाटातून प्लास्टर कापायची करवत काढली. त्या करवतीने त्यांनी हजारो माणसं सोडवली होती, पण आता साच्याचे तुकडे झाले असते आणि दुसरी संधी नव्हती.

“बघतोस काय? आधी मला सोडव, मग तुझी कला!”

करवत टेकली आणि अक्काने वैतागून हिसका दिला. हात सुळकन बाहेर आला. थरथरणाऱ्या बोटांनी चार मिनिटांत स्वतःपुरती ऐसपैस जागा करून घेतली होती.

मामांनी साच्यात प्लास्टर ओतलं आणि संध्याकाळी साचा फोडला. नख नाही, रेषा नाही. एकेका बोटाला चार-चार कडा, एकामागे एक, घाईत रांगेत घुसल्यासारख्या. फळीवरचे आधीचे चौदा हात फोटोला बसल्यासारखे अवघडले होते. त्यांच्यात एकेक क्षण होता, यात चार मिनिटं सगळीच्या सगळी. मामांना वाटलं, फसलं.

अक्काने तो उलटापालटा करून पाहिला. “माझाच आहे. बाकीचे मेलेत नुसते.”

शब्द तोंडातून गेल्यावर तिने तो प्लास्टरचा हात घाईने मामांपुढे ठेवला. मामांनी ‘मेलेत’ ऐकलंच नाही असं दाखवलं आणि बारीक ब्रशने बोटांच्या कडांमधली भुकटी झाडायला घेतली. कडा पुष्कळ होत्या. त्या संपेपर्यंत सोमवारबद्दल काही बोलावं लागणार नव्हतं.