बॉनेटवर ठेवलेली रेकॉर्ड

बस पारोळ्याच्या पुढे गेली तेव्हा मी पहिल्यांदा बॉनेटला हात लावून पाहिला, आणि लगेच मागे घेतला.

मे महिना होता, दुपारचे अडीच वाजले होते. धुळ्याच्या स्टँडवर गाडी इतकी भरली की मी दाराशीच अडकले. माझ्या हातात दोन पुठ्ठ्यांमध्ये बांधलेली चौकोनी पिशवी होती. ती पाहून कंडक्टर म्हणाला, "ताई, इथे चेंगरेल ती. पुढे बॉनेटवर ठेवा, ड्रायव्हरच्या शेजारी. लोकांची अंडी जातात तिथून, कधी फुटली नाहीत." आमच्याकडे नाजूक वस्तू बॉनेटवरच ठेवतात. लग्नाच्या पत्रिका, औषधाच्या बाटल्या, देवाच्या तसबिरी. मीही ठेवली.

बॉनेटखाली इंजिन असतं हे मला माहीत होतं. मी रसायनशास्त्राची पदवीधर होते आणि जळगावच्या औद्योगिक वसाहतीत पीव्हीसी पाइप बनवणाऱ्या एका लहान कारखान्याची प्रयोगशाळा सांभाळत होते. पीव्हीसी किती अंशांवर मऊ पडतं हे तपासण्याचाच मला पगार मिळायचा. रेकॉर्डसुद्धा त्याच मालाची असते, हे पारोळा सुटेपर्यंत डोक्यात आलं नाही. हे ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धातलं. आता पन्नाशी ओलांडली तरी ती चूक माझ्या यादीत पहिल्या क्रमांकावर आहे.

घरी आल्यावर रेकॉर्ड फरशीवर ठेवली. एक कड बोटभर वर उठली होती. दुसऱ्या बाजूने दाबली तर ही कड खाली गेली आणि पलीकडची उठली.

रेकॉर्ड माझी नव्हती. माझ्या मोठ्या बहिणीचे यजमान वरणगावला कारखान्यात होते, त्यांच्या साहेबांची होती. साहेब तरुणपणी प्रशिक्षणासाठी इंग्लंडला राहून आले होते. येताना त्यांनी एकाच इंग्लिश बँडच्या सात रेकॉर्डी आणल्या होत्या. चार-पाच मिनिटांत संपणारी गाणी नव्हती ती. कधी कधी एका बाजूला एकच गाणं असायचं, वीस-बावीस मिनिटांचं. त्यात मध्येच बासरी यायची, मग चर्चसारखा ऑर्गन, मग गायक बराच वेळ गायबच. दाजींचं एक पाकीट द्यायला मी साहेबांच्या बंगल्यावर गेले होते, तेव्हा व्हरांड्यात उभी राहून ते ऐकलं आणि पाकीट द्यायचंच विसरले.

साहेबांनी रेकॉर्डी द्यायचं कबूल केलं, पण नियम घालून. एका वेळी एकच. ज्या क्रमाने निघाल्या त्याच क्रमाने. "आधी चौथी ऐकलीत तर पहिली कच्ची वाटेल," ते म्हणाले. "माणसं कशी शिकत गेली ते कळायला हवं." दहा दिवसांत परत. एका वहीत नेल्याची तारीख, परत केल्याची तारीख आणि शेरा. शेऱ्याखाली माझी सही नको होती, दाजींची हवी होती. "मी यांना ओळखतो, तुम्हाला नाही."

मला ही पद्धत मनापासून आवडली. मी माझीही वही केली. कुठल्या रेकॉर्डीत कोण वाजवतं, कोण सोडून गेलं, कोण नवा आला, कुठली बाजू किती मिनिटांची. नव्वद मिनिटांच्या कॅसेटच्या एका बाजूला अख्खी रेकॉर्ड बसते का, हा मोठा प्रश्न असायचा. सहावी चव्वेचाळीस मिनिटांची होती, म्हणजे एका मिनिटावर खेळ.

चांगल्या सुईचा प्लेअर आणि रेकॉर्डिंगची सोय धुळ्याला एका चाचांच्या दुकानात होती. चाचा कव्वाल्या आणि बँडवाल्यांसाठी वरातीची गाणी भरून द्यायचे. माझ्या रेकॉर्डी सुरू झाल्या की ते स्टुलावर बसून वाट बघत.

"ताई, ये गाना शुरू कब होगा?"

"सुरू झालंय, चाचा. आठ मिनिटं झाली."

"और गानेवाला?"

"येईल."

"खाना खाने गया होगा," ते म्हणायचे आणि स्वतःही डबा उघडायचे.

सहावीचं रेकॉर्डिंग त्या गुरुवारी व्यवस्थित झालं होतं. कॅसेट माझ्या पर्समध्ये होती. बिघडली ती मूळ रेकॉर्ड.

रविवारी संध्याकाळी पाचला ती परत करायची होती. आणि त्याच दिवशी आणखी एक काम होतं. बहीण, दाजी आणि दोन मुलं वरणगावात भाड्याच्या एका खोलीत राहत होती. दाजींनी कारखान्याच्या वसाहतीतल्या क्वार्टरसाठी अर्ज केला होता आणि त्यावर साहेबांची शिफारस लागत होती. साहेबांची बदली झाली होती, महिनाअखेर ते जाणार होते. दाजी रविवारी तो कागद घेऊन माझ्यासोबत बंगल्यावर जाणार, असं ठरलं होतं. साहेब चिडले तर कागद तसाच राहील आणि नवा साहेब येऊन पुन्हा पहिल्यापासून.

शुक्रवारी मी लवकर कारखान्यात गेले. आमचे सगळ्यात जुने ऑपरेटर धरणगावकडचे होते, त्यांना सगळे आबा म्हणत. पाइपचं तोंड गरम करून फुगवायचं काम त्यांच्याइतकं कोणाला जमत नसे. थर्मामीटर ते कधी बघत नसत. मी रेकॉर्ड त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी नखाने कड दाबली.

"हाई ते आपलाच माल शे," ते म्हणाले. "नुसता काया रंग देल शे." पाइप करडा, रेकॉर्ड काळी, एवढाच फरक.

"सरळ होईल का?"

"व्हई. पण पाइपले चालस ते याले चालस नही."

आमच्याकडे पाइपचे तुकडे तापवून बघायला ओव्हन होता. त्यात रेकॉर्ड दोन काचांमध्ये ठेवायची, तापवायची आणि दाबाखाली गार करायची, एवढा बेत मी रात्रीतूनच केला होता. किती अंशांवर, हे माहीत नव्हतं. पाइप ऐंशीच्या आसपास मऊ पडतो. रेकॉर्डीत आणखी काय मिसळतात ते मला कोण सांगणार?

दुपारच्या सुट्टीत भंगारवाल्याकडून आरत्यांच्या दोन जुन्या रेकॉर्डी आणल्या. लाखेच्या नकोत, प्लॅस्टिकच्याच हव्यात, हे त्याला तीनदा सांगावं लागलं. फोटो फ्रेमवाल्याकडून तेरा इंची काचेचे दोन तुकडे कापून घेतले. आबांनी धोतराच्या सोग्याने काचा पुसल्या, उजेडात धरल्या, पुन्हा पुसल्या. "कण राहिना ते तो कण गाई," ते म्हणाले. राहिलेला कण त्यात कायमचा उमटणार होता.

पहिली आरती सत्तर अंशांवर ठेवली. काढली तेव्हा काचेसारखी सपाट. मी खूश झाले. आमच्या गल्लीतल्या मंडपवाल्याकडे एक जुना प्लेअर होता, तिथे लावून पाहिली. बाई पाण्याखालून गात असावी तसा आवाज आला. खाचा बुजल्या होत्या.

शनिवारी दुसरी आरती पंचावन्नवर ठेवली. ती मी आधी हातानेच उन्हात धरून वाकवली होती. पंधरा मिनिटांनी ओव्हन बंद केला आणि हात आपोआप दाराकडे गेला. आबांनी मनगट धरलं.

"पोरी, घाई करू नको. आपोआप बठू दे."

आत तापमान तीस-पस्तीसवर यायला अडीच तास लागले. या वेळी मंडपवाल्याच्या प्लेअरवर बाई नीट गात होती. एका ठिकाणी जरा डोलत होती, पण नीट.

आता साहेबांची. काचा, पुसणं, उजेडात धरणं, पुन्हा पुसणं. वर ठेवायला आबांनी लोखंडाची चकती आणली. पंचावन्नच्या खुणेवर काटा ठेवून मी समोर उभी राहिले, कारण आमच्या ओव्हनचा काटा कधी कधी दोन-तीन अंश पुढे सरकायचा. सरकला. मी मागे आणला. पुन्हा सरकला. पंधरा मिनिटं मी त्या काट्याशिवाय काही पाहिलं नाही. मग ओव्हन बंद केला, आणि आबांची पाळी संपली तरी दार न उघडता आम्ही दोघं तिथे थांबलो.

रेकॉर्ड सपाट निघाली. जवळजवळ. डोळा फरशीला लावून पाहिलं तर एका कडेला किंचित लाट होती. खाचा शाबूत आहेत की नाही हे मात्र कळणार नव्हतं. मंडपवाल्याच्या गंजक्या सुईखाली साहेबांची रेकॉर्ड मी ठेवणार नव्हते. धुळ्याला जाऊन यायला वेळ नव्हता. म्हणजे ती पहिल्यांदा वाजणार ती साहेबांसमोरच.

रविवारी दुपारी बहिणीच्या खोलीवर मी दाजींना सगळं सांगितलं. ते जेवत होते. हात ताटातच राहिला.

"सरळ झालीये ना?"

"दिसायला झालीये."

"मग झाली. बोलायचं नाही. एक अक्षर नाही."

"साहेब शेरा लिहायला सांगतील."

"मी लिहीन. तू फक्त नमस्कार कर आणि गप्प बस. ही दोन पोरं बघ, पाय पसरायला जागा नाही त्यांना."

बहिणीने माझ्या ताटात पोळी वाढली, मी नको म्हणत असताना.

बंगल्यात अर्धं सामान खोक्यांत गेलं होतं. प्लेअर तेवढा जागेवर होता. साहेबांनी नेहमीप्रमाणे रेकॉर्ड उजेडात फिरवून पाहिली, लावली आणि सुई टेकवली. सुईचा दांडा हलके वर-खाली होत होता. माझं लक्ष दुसरीकडे जातच नव्हतं. दाजी कागदाची गुंडाळी दोन्ही हातांत धरून बसले होते.

सूर लागले. ऑर्गन, मग बासरी. पाण्याखालून नाही, स्वच्छ. साहेबांनी पाचेक मिनिटं ऐकलं, सुई उचलली आणि म्हणाले, "छान." त्यांनी वही दाजींपुढे सरकवली. "लिहा. जशी नेली तशी परत. आणि तो तुमचा कागद द्या, आजच करून टाकू."

दाजींनी खिशातून पेन काढलं. टोपण उघडलं. आणि लिहीनात. पेनाचं टोक कागदापासून एवढ्याशा अंतरावर थांबलं होतं. दाजी कारखान्यात मालाची तपासणी करायचे. तपासल्याशिवाय सही करत नाहीत, अशी त्यांची ख्याती होती. मी त्यांच्या कपाळावरचा घाम पाहिला. ते लिहिणार होते. मुलांसाठी लिहिणार होते, आणि ते खोटं त्यांच्या अक्षरात राहणार होतं.

"साहेब, तशी नाही," मी म्हणाले. "बसच्या बॉनेटवर वाकली होती. मी सरळ केली."

दाजींनी डोळे मिटले.

साहेबांनी प्लेअरवरून रेकॉर्ड उचलली आणि कड निरखली. "कशी?"

सांगितलं. काचा, अंश, मिनिटं, गार कशी केली ते.

"पंचावन्न हा आकडा कुठून आला?"

"सत्तरवर एक आरती वाया गेली, त्यावरून."

ते हसले नाहीत. दाजींच्या हातातून पेन घेऊन त्यांनी वहीत स्वतः तीन ओळी लिहिल्या आणि दाजींना म्हणाले, "आता करा सही." मग दाजींचा कागद उलगडला, वाचला, शिफारस लिहिली. "क्वार्टरचा आणि याचा काही संबंध नाही," ते दाजींना म्हणाले. "तुम्हाला तसं वाटलं, याचं मला वाईट वाटतं."

मग माझ्याकडे वळून, "सातवी मी देणार नाही."

"बरोबर आहे."

"ऐकायची असेल तर इथे बसून ऐका. आत्ता."

दाजी उठलेच होते. मी बसून राहिले, म्हणून तेही बसले. खोक्यांच्या मध्ये आम्ही तिघांनी सातवी रेकॉर्ड पूर्ण ऐकली. दुसऱ्या बाजूला एक लांबलचक तुकडा होता. त्याचा ठेका पकडायला गेलं की निसटायचा. मला कधीच जमला नाही. मध्येच पाहिलं तर दाजींची बोटं गुडघ्यावर चालू होती. ते वसाहतीच्या भजनी मंडळात तबला वाजवायचे.

"साहेब," ते एकदम म्हणाले, "हा सात मात्रांचा आहे. रूपकच."

"मला हे पंधरा वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं," साहेब म्हणाले, आणि सुई उचलून त्यांनी तो भाग पुन्हा लावला.

बाहेर पडल्यावर मला वाटलं, मिटलं. स्टँडवर गाडी आली तेव्हा दाजी म्हणाले, "क्वार्टर मिळेल. ते जाऊ दे. पण माझ्या हातातलं पेन तू थांबवलंस, साहेबांसमोर. मी काय लिहिणार होतो ते तुला काय माहीत?"

खरंच माहीत नव्हतं. मी धरून चालले होते.

साहेब जूनच्या आत गेले. क्वार्टर दसऱ्याच्या सुमारास मिळालं, दोन खोल्या आणि मागे नळ. सामान हलवायला दाजींनी मला बोलावलं नाही. बहिणीने बोलावलं, म्हणून गेले. लोखंडी कपाट दारात अडकलं होतं. दाजी एका बाजूने रेटत होते, दुसरी बाजू धरायला कोणी नव्हतं. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तिकडून धर," ते म्हणाले. मी धरलं.