मालकांनी नाही म्हटलं नव्हतं

मस्कतजवळच्या सीबमधल्या आमच्या घराच्या मालकांनी गुढी उभारायला कधीच मनाई केली नव्हती. मी त्यांना विचारलंच नव्हतं. बायकोला मात्र सांगितलं, की विचारलं आणि ते नाही म्हणाले. ती गेली ती हेच खरं मानून गेली. तिच्या आधी मालक गेले. हे ज्यांना सांगायला हवं अशी दोनच माणसं उरली होती, माझा मुलगा आणि खालच्या मजल्यावर राहणाऱ्या मालकीणबाई. या पाडव्यापर्यंत मी दोघांनाही काही बोललो नव्हतो.

आम्ही इथे राहायला आलो तेव्हा मुलगा दुसरीत होता. दोन मजल्यांचं घर, खाली मालक, वर आम्ही. पहिला पाडवा आला तशी बायकोने चिंच लावून तांब्या लखलखीत केला. साखरेच्या गाठी पुण्याहून येणाऱ्या कुणाकडून तरी मागवून ठेवल्या होत्या. कडुलिंब सीबमध्ये रस्त्याच्या कडेलाच मिळतो. काठी म्हणून पडद्याचा जुना दांडा निघाला.

"बाल्कनीत उभारू," ती म्हणाली. "तेवढं मालकांना विचारून घ्या हो. उगाच नंतर कटकट नको."

त्या वर्षी आमच्या कंपनीत माणसं कमी करायचं चाललं होतं. मला सगळ्याचीच धास्ती असायची. कुणी रस्त्यावरून बघेल, कुणाला आवडणार नाही, कुणाच्या तरी कानावर जाईल. तशी शंका घ्यावी असं या गावात कुणीही काही केलेलं नव्हतं. भीती माझी मीच बरोबर आणली होती. मालक मला जिन्यात भेटले. मी पाण्याच्या टाकीविषयी बोललो आणि वर आलो. टाकी त्यांनी दुसऱ्याच दिवशी साफ करून दिली.

"विचारलंत?"

"विचारलं. नाही म्हणाले."

"का?"

"का म्हणजे? त्यांचं घर आहे."

तिने तांब्या फडक्यात गुंडाळून ठेवला. पण रडत बसणारी ती नव्हती. पाडव्याच्या सकाळी तिने हॉलमध्ये खिडकीजवळ खुर्चीच्या पाठीला दांडा बांधला. पडदा लावलेलाच असू दे, असं मी बजावलं होतं. "गुढीला आभाळ दिसायला नको का," असं स्वतःशीच म्हणत तिने आपला हातआरसा आणला, पडद्याची एक बाजू चार बोटं सरकवली आणि आरसा खिडकीत असा धरला, की उन्हाचा कवडसा थेट तांब्यावर पडला. मुलाने टाळ्या पिटल्या. मग तिने आरसा त्याच्या हातात दिला, मग माझ्या. कवडसा तांब्यावर टेकला की नवं वर्ष लागलं, मग कडुलिंब आणि गूळ खायचा, असं तिने ठरवून टाकलं. त्या दिवसापासून दर पाडव्याला आमच्या घरी हेच होत आलं. मस्कतच्या रूवी भागातून येणारी मराठी मंडळी कौतुक करायची. "वहिनी, तुमची आयडिया भारी हं," म्हणायची. ती म्हणायची, "काय करता, मालक तसे आहेत." मी चहा घ्यायला स्वयंपाकघरात जायचो.

गुढी घरात राहिली, यात फार मोठं काही बिघडलं असं कुणी म्हणणार नाही. बिघडलं ते दुसरीकडेच.

त्या वर्षी ईदला मालकीणबाईंनी हलवा पाठवला. ओमानी हलवा, तुपाने चकाकणारा, केशराचा, वर बदाम. बायकोने ताटली हातात घेतली, तशीच मुलाकडे दिली आणि खाली पाठवली. "सांग, आम्ही खात नाही." दार लावल्यावर मला म्हणाली, "आपला सण करायला देत नाहीत, आणि यांचा सण मात्र आपण गोड मानून घ्यायचा." मी वर्तमानपत्र वाचत होतो. दर ईदला ताटली वर यायची आणि भरलेली खाली जायची.

मी सकाळी ऑफिसला जायचो तो अंधार पडता यायचो. मुलगा शाळेत, नंतर क्लासला. ओळखीची घरं सगळी रूवीकडे, गाडीशिवाय जाता येत नाही. दुपारभर ती एकटी असायची. खाली अंगणात मालकीणबाई शेजारणींना घेऊन टोप्या भरत बसायच्या. इथले पुरुष घालतात ती गोल टोपी, तिच्यावर बारीक छिद्रांची नक्षी असते आणि एका टोपीला महिने जातात. माझ्या बायकोचा हात भरतकामात फार चांगला होता. लग्नात तिने स्वतः भरलेल्या उशांचे अभ्रे आणले होते. ती बाल्कनीत कपडे वाळत घालायला जायची आणि पिळे हातात तसेच धरून खाली बघत उभी राहायची. एकदा मला म्हणाली, "ते छिद्र आधी पाडतात की टाका आधी घालतात, कळतच नाही हो वरून."

"जा ना खाली, विचार."

"मी? त्यांच्याकडे?" ती हसली. "मला नाही गरज."

तेव्हा सांगता आलं असतं. पुढेही सांगता आलं असतं, तिच्या आजारपणात तर वेळच वेळ होता. मी तिला औषधं देत होतो, पाय चेपत होतो, आणि आता सांगून तिला त्रास कशाला, अशी स्वतःची समजूत घालत होतो.

ती गेली तेव्हा मालकीणबाई जिना चढून वर आल्या. गुडघे धरून हळूहळू आल्या आणि हॉलमध्ये खाली बसल्या. इथल्या बऱ्याच जुन्या लोकांसारखी त्यांनाही आपली मोडकी हिंदी येते. "भाई, इतना बरस ऊपर-नीचे रहा," त्या म्हणाल्या. "मेरे से क्या गलती हुआ, वो कभी बोला नहीं."

"नहीं बहन, वो शर्माती थी," मी म्हणालो. बायको गेल्यावरही तिच्यावर आणखी एक खोटं टाकलं.

मुलगा आता दूर दुक्म बंदराच्या प्रकल्पावर असतो. गेल्या पाडव्याला त्याने कॅम्पमधल्या खोलीचा फोटो पाठवला. दाढीचा आरसा खिडकीत, कवडसा स्टीलच्या मगवर. फोनवर म्हणाला, "बाबा, सगळ्या रूममेट्सना स्टोरी सांगितली, आपल्या लँडलॉर्डची. सगळे म्हणाले, काय माणूस असेल." ज्या माणसाने दुसऱ्या दिवशी टाकी साफ करून दिली, त्याचं नाव आता दुक्मपर्यंत खराब झालं होतं.

म्हणून यंदा मी दांडा बाल्कनीच्या कठड्याला बांधला. आरसा काढला नाही. तिचीच साडी लावली. रमजानचे शेवटचे दिवस होते, ईद दुसऱ्या दिवसावर आली होती. मी कडुलिंब आणायला खाली उतरलो तर मालकीणबाई अंगणात उभ्या, डोळ्यांवर हात धरून वर बघत होत्या.

"ये क्या लगाया, भाई? अच्छा है." आणि मग, "पहले क्यों नहीं लगाया?"

मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. त्यांना कळायला वेळ लागला.

"मेरा आदमी मना किया, ऐसा बोला तुम?"

"हाँ."

"और वो मानता था?"

"हाँ, बहन."

त्यांनी हात खाली घेतला. "मेरे को लगा, मेरा हाथ का खाना उसको गंदा लगता है. इतना बरस यही लगा." भिंतीला धरत त्या आत गेल्या. दार लावलं नाही, पण मला बोलावलंही नाही. मी कडुलिंब न आणताच वर आलो.

दुपारी मुलगा ईदच्या सुट्टीला आला. बाल्कनीत गुढी बघून म्हणाला, "अरे वा. म्हातारीने शेवटी परमिशन दिली वाटतं." मी त्यालाही सांगितलं. तो बूट न काढता खुर्चीवर बसून राहिला.

"आईला माहीत होतं?"

"नाही."

"मग मला तरी कशाला सांगितलंत?"

 संध्याकाळी गुढी मी एकट्यानेच उतरवली.

ईदच्या सकाळी ताटली आली नाही. बायको गेल्यावरही ताटली येत होती, माझ्यासाठी. मी हॉलमध्ये दाराकडे तोंड करून बसलो होतो. मुलाने ते पाहिलं असावं. तो खाली गेला आणि बराच वेळ आला नाही. आला तो मोकळ्या हातांनी.

"काय म्हणाल्या?"

"काही नाही. रडत होत्या." तो पाणी प्यायला. "एवढंच विचारलं, तुझ्या आईला हलवा आवडला असता का. मला काय माहीत? तिने कधी खाल्लाच नाही ना."

मला माहीत होतं. पहिल्या वर्षी ताटली खाली पाठवल्यावर ती हात धुवायला गेली, तेव्हा तिच्या बोटाला थोडं तूप लागलं होतं. नळ सोडायच्या आधी तिने ते बोट चाटलं आणि क्षणभर तशीच उभी राहिली. मी वर्तमानपत्राआडून बघत होतो.

मुलगा उत्तराची वाट बघत होता. आवडला असता, एवढं सांगून मी त्याला खाली परत पाठवू शकलो असतो.