एवढं काढून टाकते

“एवढं काढून टाकते, नजर अडकते तिथे,” असं ती म्हणायची आणि गिऱ्हाईक हो म्हणेपर्यंत ते काढून झालेलंही असायचं. कधी फोटोत मागे आलेली विजेची तार, कधी कुणाचं अर्धं कोपर, कधी दारात झोपलेलं कुत्रं. एका हातात माऊस, दुसऱ्या हाताची बोटं टेबलावर टकटक चाललेली, आणि हे सगळं उभ्या उभ्या. खुर्ची तिच्या पिशवीसाठी होती.

डहाणू रोडला माझं झेरॉक्सचं दुकान आहे. त्याच गाळ्यात मधे प्लायवूडची भिंत घालून तिने फोटोंचं काम सुरू केलं. पासपोर्ट फोटोतला मागचा पडदा निळ्याचा पांढरा करणं, जुन्या फोटोवरचे डाग पुसणं, वाढदिवसाचे बॅनर, लग्नाचे अल्बम. सरावलीला तिच्या घरची चिकूची वाडी होती. “घरी बसून चिकू मोजायला मला जमणार नाही, काका,” असं तिने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. मी विचारलंही नव्हतं.

तिचा पाय हलायला लागला की प्लायवूड थरथरायचं आणि माझ्या बाजूच्या पेनांच्या बरण्या खुळखुळायच्या. मी ओरडायचो. ती “सॉरी काका” म्हणायची आणि दुसरा पाय हलवायची. तुमच्याही ओळखीत अशी माणसं असतील, ज्यांच्या शेजारी बसून आपल्यालाच दम लागतो.

माझ्या लायसन्सच्या फोटोतून तिने माझ्या कपाळावरचा चामखीळ काढला होता. “अगं, पोलीस ओळखणार कसा मला?” म्हटलं, तर तोंड वाकडं करून तिने तो परत बसवला, पण थोडा लहान करून. अजून तो तसाच आहे.

तर एका वैशाखात गंजाडच्या पुढच्या पाड्यावरून नवरदेवाचा भाऊ आला. मोबाईलमधला एक फोटो त्याने तिच्या कॉम्प्युटरवर घालून दिला. मोठा करून, फ्रेम करून हवा होता. मोबाईल भरला म्हणून घरी गेल्यावर त्याने त्यातला पुसून टाकला. फोटोत हळदीने माखलेले नवरा-नवरी मंडपाखाली उभे, आणि नवरीच्या पदराला लोंबकळणारी दोन पोरं.

“कुणाची पोरं मधे येऊन उभी राहतात बघा,” ती म्हणाली. मंडपाची आंब्याची पानं इकडची उचलून तिकडे लावत तिने ती दोन्ही पोरं गायब केली. काम इतकं सफाईदार होतं की तिने मला मुद्दाम बोलावून दाखवलं. मग त्याच फाईलवर सेव्ह केलं आणि पुढच्या बॅनरला लागली.

भातकापणी उरकल्यावर नवरा-बायको स्वतः फ्रेम न्यायला आले. गुंडाळलेला कागद सोडून दोघांनी फ्रेम उजेडाला धरली.

“बाय, पोरां कुठं गेली आमची?” बायकोने विचारलं.

तिला काही कळेना. “तुमची? पण हा तर लग्नाचा फोटो आहे ना?”

आता हे मला ठाऊक होतं, आणि सरावलीहून गंजाड काही लांब नाही, पण तिला ठाऊक नव्हतं. त्या पाड्यांवर दोघांनी आधी संसार मांडायचा आणि लग्न जमेल तेव्हा लावायचं, ही रीतच आहे. आईबापाच्या हळदीत पोरं नाचतात आणि त्यात कुणाला काही वाटत नाही.

“थोरली म्हणायची, मला तुमच्या लगनात नाचायचंय,” बाई म्हणाली. “बाकी फोटूत दोघां पाठमोरीच आली. ह्यातच तेवढी समोर होती.”

नवरा हळूच म्हणाला, “हा घरात लावला तं पोरां विचारतील, आम्ही कुठं होतो.”

दोघं भांडली असती तर बरं झालं असतं. ती भांडली नाहीत. हिने कंट्रोल झेड दाबून पाहिलं, पुन्हा पुन्हा दाबलं. इतक्या महिन्यांनी तिथे मागे जायला काही नव्हतं. पाय हलायचा थांबला होता. मला तिची दया आली आणि रागही आला, दोन्ही एकदम.

दुसऱ्या दिवशी तिने शटर उघडलंच नाही. कॅमेरा गळ्यात अडकवून स्कूटी काढली आणि रस्ता दाखवायला मला मागे बसवलं. पाड्यावर पोरांना लग्नातले कपडे घातले, तोंडाला हळद लावली. थोरलीचा फ्रॉक तोवर आखूड झाला होता. धाकटा मात्र एका जागी उभा राहीना. एका हातात आईचा पदर दिला, तरी कोंबडीमागे पळायचा. शेवटी हिनेच एका हातात कॅमेरा धरला आणि दुसरा हात लांब करून त्याच्या मुठीत आपलं बोट दिलं. तेव्हा तो थांबला.

परत आल्यावर पिशवी खाली ठेवून ती पहिल्यांदा खुर्चीत बसली. वैशाखाच्या उन्हाशी कार्तिकाचं ऊन जुळवायला तिला फार वेळ लागला. पोरं परत आईच्या पदराशी आली, पण कडेला हिचा स्वतःचा हात मनगटापर्यंत राहिला होता.

“हे काढून टाक की, नजर अडकते,” मी चिडवलं.

“काढून पाहिलं, काका. त्याची मूठ रिकामी दिसते.”

त्यानंतर तिचं काम बिघडलं असंच म्हणायला हवं. काही काढायच्या आधी ती विचारायला लागली. तलासरीचा एक नवरदेव अल्बम करायला आला, तर प्रत्येक फोटोत “हे कोण? आणि हे मागचे कुणाचे कोण?” तो बिचारा घरी फोन करून करून थकला. अल्बम रखडायचे, गिऱ्हाईकं माझ्याकडे तक्रार करायची, आणि पाय पुन्हा हलायला लागला होता, आधीपेक्षा जोरात.

मग वापीला बिस्किटांच्या खोक्यांची डिझाइनं करायचं काम मिळालं म्हणून ती निघून गेली. “खोक्यांवर माणसं नसतात, काका. बरंय,” एवढंच म्हणाली. प्लायवूड अजून आहे. बरण्या वाजत नाहीत आणि मला त्याचा त्रास होतो. असं होईल हे मला कुणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो.

गेल्या महिन्यात एका हळदीला त्या पाड्यावर गेलो होतो. फोटो दारासमोरच्या कुडाच्या भिंतीला लावलाय. थोरली आता उंच झालीय. येणाऱ्या पाहुण्याला ती बोट ठेवून सांगते, “ही आई, हा बाबा, ही मी, हा भाऊ. आणि हा बायचा हात.”

मी जवळ जाऊन पाहिलं. धाकट्याची मूठ अगदी स्पष्ट आली होती. हात तेवढा हललेला होता.