मामांचा उतरता व्यायाम

माझे मामा लिफ्टमन. उभं आयुष्य त्यांनी लोकांना वर नेण्यात घालवलं, तेही स्टुलावर बसून. इमारत सातमजली, लिफ्ट जाळीच्या दाराची, हँडलवर मामांचा हात. पाय मात्र कायमचे रजेवर. चौथ्या मजल्यावरच्या दातांच्या दवाखान्यात मी काम करते, त्यामुळे पुढची गंमत मला आयती बघायला मिळाली.

साठीच्या आसपास मामांना बुटाचे बंद बांधतानाही धाप लागायला लागली. डॉक्टरांनी तपासलं.

"वयाबरोबर रक्तवाहिन्या ताठर होतात, ते कुणाला चुकलेलं नाही. पण हृदय हा स्नायू आहे. लाडावून ठेवलात तर आळसावतो. तळलेलं बंद, मीठ कमी आणि रोज जिना. चार महिन्यांत सुधारणा नसेल तर नोकरी सोडून घरी बसायचं."

मामीने कढई माळ्यावर टाकली. मामा उकडलेल्या भाज्या निमूट गिळू लागले. जेवणाच्या सुट्टीत जिनाही सुरू झाला. "रोज सात मजले करतात हो!" मामी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची.

एका दुपारी मामा डॉक्टरांनी दिलेली गोळी घरीच विसरले, म्हणून मामी ती घेऊन आली. मी तिला भेटायला खाली गेले, तर मामा शीळ घालत जिना उतरत होते.

"सात मजले करून शीळ?" मामीने विचारलं.

"सवय झाली आता."

"चढलात कधी?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे.

"वर लिफ्टनेच जातो," मामा पुटपुटले. "लिफ्टमनच जिना चढायला लागला तर लोकांना वाटेल लिफ्ट बिघडली. आणि डॉक्टर जिना म्हणाले. चढा असं कुठं म्हणाले?"

मला हसू फुटणार होतं, पण मामीचे डोळे भरलेले दिसले आणि मामांचा असा राग आला म्हणता!

"मला एकटीला जेवायला बसायचं नाहीये," मामी म्हणाली. "कळतंय का तुम्हाला?"

मग तिने सरळ लिफ्टमधल्या स्टुलावर जाऊन हँडल धरलं. "तुम्ही जिन्याने या. आज दोनच मजले."

तेव्हापासून रोज सुट्टीत मामी हजर. मामी प्रत्येक मजल्यावर जाळी सरकवून मान बाहेर काढायची. "आहात ना?" खालून उत्तर यायचं, "आहे!" हळूहळू मामा सातव्यापर्यंत पोचू लागले.

चार महिन्यांनी डॉक्टर खूश झाले. नोकरी वाचली. मामांना मूठभर मांस चढलं. "हिचंही बघा जरा," सोबत आलेल्या मामीकडे बोट दाखवत ते म्हणाले.

मामीचा रक्तदाब वाढलेला निघाला.

"व्यायाम काय करता?" डॉक्टरांनी तिला विचारलं.

"रोज सात मजले करते," मामा म्हणाले, "लिफ्टने."

दुसऱ्या दिवशी सुट्टीत स्टूल रिकामं होतं. मामा पहिल्या मजल्यावर जाऊन थांबले आणि कठड्यावरून वाकले.

"आहेस ना?"

खालून धापा टाकत उत्तर आलं, "आहे!"